मोकळ्या हवेचे शुद्धीकरण : धुराड्याच्या मुखापासून दिल्लीच्या मनोऱ्यापर्यंत

दूषित हवेपासून सुटका करून घेण्यासाठी माणसाने आजवर तीन प्रकारचे उपाय केलेले दिसतात. बिघडलेली हवा सोडून स्वतः दुसरीकडे जाणे हा पहिला. मराठीत त्याला 'हवापालट' असा नेटका शब्द आहे. एके काळी मुंबईचा क्षयरोगी पाचगणीस आणि सुखवस्तू माणूस माथेरानास जात असे, तो हवापालटासाठी. या शब्दातील गंमत अशी की, पालटते ती हवा नव्हे, माणसाचे ठिकाण. हवा बिघडविणारी वस्तू दूर नेणे अथवा तिला आवर घालणे हा दुसरा उपाय. तिसरा मात्र या दोहोंहून अगदी निराळा आहे. माणूस आणि धूर दोघांनाही जागच्या जागी राहू देऊन मधल्या मोकळ्या हवेवरच यंत्राने उपचार करावयाचा, ही त्यामागील कल्पना. दिल्लीत २०२१ साली उभे राहिलेले 'स्मॉग टॉवर' हे तिचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण होय. दुसऱ्या उपायासाठी घडविलेले यंत्र या तिसऱ्या उपायाच्या कामी कोणत्या समजुतीमुळे जुंपले गेले, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

मोकळ्या हवेवर उपचार करण्याची कल्पना यंत्रयुगापूर्वीचीच आहे. इ. स. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन याने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला उद्देशून 'फ्यूमिफ्युजियम' ही पुस्तिका लिहिली. लंडन शहर दगडी कोळशाच्या धुराने कसे काळवंडले आहे याचे वर्णन करून त्याने दोन सूचना केल्या. मद्य गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे यांच्या भट्ट्या शहराबाहेर न्याव्यात ही पहिली. आणि शहराभोवती सुगंधी झाडाझुडपांची लागवड करावी ही दुसरी. पहिल्या सूचनेच्या आड उद्योगधंद्यांचे हितसंबंध येत होते, दुसरीच्या आड कोणाचेच येत नव्हते. पुढील साडेतीन शतकांत या दोन प्रकारच्या सूचनांमधील हा फरक कायम राहिलेला आढळतो.

हवेतील कण विजेच्या साहाय्याने खाली पाडता येतात, हे विज्ञानाला बरेच आधी ठाऊक झाले होते. लाइप्झिग येथील होलफेल्ड या गणिताच्या शिक्षकाने १८२४ मध्ये धुराने भरलेल्या बरणीत विद्युत्भारित तार सोडून धूर नाहीसा करून दाखविला. तो प्रयोग विस्मृतीत गेला. साठ वर्षांनंतर लिव्हरपूल येथे भौतिकीचे प्राध्यापक असलेल्या ऑलिव्हर लॉज यांनी त्याच गोष्टीचा स्वतंत्रपणे शोध लावला आणि १८८४ मध्ये ती जाहीररीत्या मांडली. तारेच्या टोकाशी निर्माण होणारा विद्युत्भार कणांवर बसतो, भारित कण विरुद्ध भाराच्या पृष्ठभागाकडे ओढले जातात व तेथेच चिकटतात, हे त्याचे थोडक्यात स्पष्टीकरण. काचेच्या पात्रातील दाट धूर क्षणार्धात निवळताना पाहून प्रेक्षकांना नवल वाटे. परंतु उत्तर वेल्समधील बॅगिल्ट येथे १८८५ च्या सुमारास शिशाच्या कारखान्यात ही युक्ती योजिली, तेव्हा ती फसली. विम्सहर्स्ट यंत्रापासून मिळणारी वीज त्या कामाला पुरेशी नव्हती. शिवाय शिशाच्या धुरातील कणांचा विद्युत्रोध फार मोठा असल्याने त्यांचा भार सहजी निघून जात नसे. लॉज यांनी पुढे मोकळ्या आकाशातील धुक्यावरही विजेचा प्रयोग करून पाहिला. भोवतालचा थोडा भाग निवळे, परंतु वाऱ्याबरोबर नवे धुके आत येई.

या तत्त्वाला व्यवहारात उतरविण्याचे श्रेय बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनज्ञ फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल यांचे आहे. १९०६ पासून ते गंधकाम्लाच्या कारखान्यातील अम्लाचे सूक्ष्म तुषार पकडण्याच्या खटपटीत होते. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढवावयाचा आणि फिरत्या यांत्रिक जुळणीने तो एकदिश करून घ्यावयाचा, ही त्यांची मुख्य युक्ती. लॉज यांच्या काळी वीज-उद्योग बाल्यावस्थेत होता. वीस वर्षांत तो सज्ञान झाला होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे. दुसरी युक्ती जवळजवळ अपघाताने सापडली. तारेवर गुंडाळलेल्या सुताच्या तंतूंतून अंधारात मंद प्रकाश बाहेर पडत असल्याचे कॉट्रेल यांना दिसले, आणि गुळगुळीत तारेपेक्षा लवदार तारेतून विद्युत्स्राव अधिक चांगला होतो हे त्यांच्या लक्षात आले. १९०७ मध्ये पिनोल येथील कारखान्यात त्यांचे यंत्र चालू झाले व १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातच रिव्हरसाइड येथील सिमेंटच्या कारखान्यात ते बसविण्यात आले. तेथील धूळ संत्र्यांच्या बागांवर बसत असल्यामुळे बागाईतदार न्यायालयात गेले होते. म्हणजे यंत्रामागे विज्ञानाइतकाच खटल्याचाही रेटा होता. पेटंटचे उत्पन्न कॉट्रेल यांनी स्वतःकडे न ठेवता १९१२ मध्ये स्थापन झालेल्या 'रिसर्च कॉर्पोरेशन' या संस्थेस दिले आणि त्यातून पुढे इतर शास्त्रज्ञांच्या संशोधनास साहाय्य मिळत गेले. पकडलेला मालही फुकट जात नसे. गंधकाम्ल परत मिळे, धातूची भुकटी मिळे. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पोटॅश बंद झाले तेव्हा सिमेंटच्या भट्ट्यांच्या धुळीतील पोटॅशला खत म्हणून भाव आला.

विद्युत्-अवक्षेपकाचे हे यश कशावर अवलंबून होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण पुढचा सारा घोटाळा तेथेच झाला आहे. भुकटी केलेला दगडी कोळसा जाळणाऱ्या बाष्पकातून निघणाऱ्या वायूत दर घनमीटरला दहा ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक राख असते. दिल्लीची हवा हिवाळ्यात अत्यंत वाईट होते तेव्हा तिच्यात अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांचे प्रमाण घनमीटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम असते, असे धरू. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारतात २००९ पासून ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे ही मर्यादेच्या पाचपट झाली. आता एक ग्रॅम कण पकडावयाचे झाल्यास धुराड्यात १०० लिटर वायू हाताळला की पुरे, मोकळ्या हवेत मात्र ३००० घनमीटरहून अधिक हवा यंत्रातून न्यावी लागते. श्वास कोंडविणारी हवा यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ रिकामीच असते. त्यातही धुराड्याला भिंती आहेत. आत आलेला वायू दुसरीकडे जाऊ शकत नाही.

'स्मॉग' हा शब्द येथे थोडा विचारात घ्यावा लागतो. हेन्री अँटवान डे व्हू या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९०५ साली 'स्मोक' आणि 'फॉग' यांचा संधी करून तो घडविला. मराठीनेही त्याच वाटेने धूर आणि धुके यांपासून 'धुरके' बनविले आणि ते इतके चपखल आहे की, ते भाषेत मुळापासूनच असावे असे वाटते. परंतु या जोडशब्दात एक धोका आहे. धुके निसर्गाचे असते, येते आणि जाते. धूर कोणीतरी केलेला असतो. दोघांचा एक शब्द झाला की, कर्ता दिसेनासा होतो. लंडनमध्ये १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबर या दिवसांत पडलेल्या धुरक्याने सुमारे ४००० माणसे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. पुढील संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत गेला. त्यानंतरचा १९५६ चा कायदा मात्र धुक्याशी नव्हे, धुराशी भिडला. घरोघरच्या शेगड्यांत कोणते इंधन जाळावयाचे यावरच त्याने बंधन घातले. मुंबईतही गिरण्यांच्या धुराड्यांसाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रवाचा कायदा झाला होता, आणि त्याच्या नावात धूरच होता.

लॉस एंजलिसमध्ये शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. तेथे कोळशाचा धूर फारसा नव्हता आणि धुकेही नव्हते. अननसाच्या स्वादाचे रसायन तपासणारे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, मोटारींच्या व तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे नवे धुरके आकाशातच तयार होते. मोटारींना हात लावणे कोणालाच रुचणारे नव्हते. तेव्हा शहराला वेढणाऱ्या डोंगरांतून बोगदे खणावेत, महाकाय पंख्यांनी दूषित हवा पलीकडे ढकलावी, अशा सूचना पुढे आल्या. मॉरिस निबर्गर या हवामानशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा योजनांना लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब करून त्या अव्यवहार्य ठरविल्या. अखेर हवा सुधारली ती मोटारींच्या धूरनळ्यांवर निर्बंध आल्यामुळे. निबर्गर यांचा हिशेब मात्र विसरला गेला.

या विस्मृतीतूनच एकविसाव्या शतकातील मनोरे उभे राहिले, असे म्हणावयास हरकत नाही. डच कलावंत डान रोझगार्डे यांनी २०१५ मध्ये रॉटरडॅम येथे सात मीटर उंचीचा मनोरा उभारला; पुढील वर्षी तो बीजिंगला नेण्यात आला. तासाला ३०,००० घनमीटर हवा तो हाताळतो. तत्त्व लॉज यांचेच, कण भारित करून पकडण्याचे. जमलेल्या काजळीच्या अंगठ्या करण्यात आल्या आणि एका अंगठीमागे हजार घनमीटर शुद्ध हवा, असा हिशेब सांगण्यात आला. कलाकृती म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु तिला 'जगातील सर्वांत मोठा व्हॅक्यूम क्लीनर' म्हटले गेले आणि हे रूपक लोकांच्या मनात पक्के बसले. व्हॅक्यूम क्लीनर हे खोलीचे यंत्र आहे. चार भिंती, दार बंद, आणि झाडून झाल्यावर पुन्हा केर येणार नाही अशी खात्री, एवढे गृहीत धरल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो. चीनमधील शीआन येथील सुमारे ६० मीटरचा मनोरा यापेक्षा गंभीर प्रयत्न होता. पायथ्याच्या काचघरात उन्हाने हवा तापवून ती गाळण्यांतून वर चढवावयाची, अशी त्याची रचना होती. त्यामुळे विजेचा खर्च वाचला. भिंतींचा प्रश्न उरलाच.

भारतात आरंभ लहान यंत्रांनी झाला. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, 'वायु' नावाचे यंत्र तयार केले व सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतील आयटीओ आणि मुकरबा चौक येथे ते बसविण्यात आले. ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली होती. तिच्या यंत्राचा दावा चौकापुरताच, सुमारे ५०० चौरस मीटरचा होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कॅनॉट प्लेस व आनंद विहार येथे मोठे मनोरे उभारण्याचा आदेश दिला. पहिला २३ ऑगस्ट २०२१ रोजी आणि दुसरा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे त्यात तांत्रिक साहाय्य होते. कॅनॉट प्लेस येथील मनोरा २४ मीटर उंच असून वरून हवा ओढावयाची, हजारो गाळण्यांतून न्यावयाची आणि खालच्या ४० पंख्यांनी बाहेर सोडावयाची, अशी त्याची योजना आहे. त्यावर सुमारे २० कोटी रुपये खर्च झाले. एक किलोमीटर त्रिज्येतील हवा सुधारेल, अशी अपेक्षा उद्घाटनाच्या वेळी व्यक्त करण्यात आली होती.

सेकंदाला १००० घनमीटर ही त्याची क्षमता ऐकावयास प्रचंड वाटते. तिचा हिशेब असा. वर गृहीत धरलेल्या ३०० मायक्रोग्रॅमच्या हवेतील एकूण एक कण पकडला, तरी अहोरात्र चालून हा मनोरा दिवसाला २६ किलो धूळ गोळा करील. दिल्लीचा पसारा सुमारे ४० किलोमीटर रुंद आणि धुरक्याचा थर ३०० मीटर जाड मानला, तर सेकंदाला एक मीटर इतक्या मंद वाऱ्यानेही दर सेकंदाला १ कोटी २० लक्ष घनमीटर हवा शहरात येते. मनोऱ्याच्या क्षमतेच्या ती १२,००० पट झाली. वारा थांबला असे मानले, तर एका मनोऱ्याला शहराची हवा एकदा गाळावयास चौदा वर्षे लागतील. परिणाम शंभर मीटर त्रिज्येपुरताच धरला, तर दिल्लीच्या १४८३ चौरस किलोमीटरसाठी ४७,००० हून अधिक मनोरे हवेत. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच हिशेब मांडला आणि हा उपाय व्यवहार्य नसल्याचे सांगितले. बंद पडलेला मनोरा पुन्हा चालू करण्यास न्यायालयाने त्याच महिन्यात फर्मावले होते.

धुराड्याच्या मुखाशी काय चालले होते, तेही याच कालखंडात पाहावयास हवे. कोळशातील गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड वायू हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि दूरच्या शहरांचे धुरके त्याने दाट होते. हा वायू पाण्याने धुऊन काढण्याची विद्या जुनी आहे. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० नंतरच्या दशकात टेम्सच्या पाण्याने ते काम होत असे, आणि मुंबईत ट्रॉम्बे येथे १९८० नंतरच्या दशकात समुद्राच्या पाण्याने ते करण्याची व्यवस्था झाली. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये कोळशावरील वीजकेंद्रांसाठी या वायूची मर्यादा ठरविली व दोन वर्षांची मुदत दिली. ती २०१७ मध्ये वाढविण्यात आली आणि नंतरही वेळोवेळी वाढत गेली. दिल्लीचे मनोरे बांधले गेले ते याच वाढीव मुदतीच्या वर्षांत. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतेक वीजकेंद्रांना वायू धुण्याची यंत्रणा बसविण्यातून सूट मिळाली; राष्ट्रीय राजधानी प्रदेशाच्या अथवा दहा लक्षांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटर परिसरातील केंद्रांना डिसेंबर २०२७ पर्यंतची मुदत आहे.