मुंबईने इंग्रजी शब्द कसे आत्मसात केले

पालकांची एक तक्रार नेहमी कानी येते. मूल उर्दू अगर मराठी माध्यमातून चांगले गुण मिळवते. परंतु महाविद्यालयात पाऊल ठेवताच इंग्रजी ग्रंथांतील अवघड शब्दांपुढे त्याचा धीर सुटतो. मग शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा खटाटोप सुरू होतो आणि परीक्षा संपताच त्या विसरल्या जातात. हा प्रश्न नवा नाही. आपल्या मुंबई शहराला तो दीड-दोनशे वर्षांपूर्वीच पडला होता.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' हे पत्र सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर छापला जाई. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला शब्द अडला, की शेजारी नजर टाकता येत असे. शब्द त्याला सुटा भेटत नसे. तो वाक्यासह, विषयासह भेटे. 'दर्पण' १८४० साली बंद पडले, परंतु आपल्या भाषेचा हात धरून परकी भाषा शिकण्याची ही रीत टिकाऊ ठरली.

पुढे १८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती बाबा पदमनजी यांनी १८६३ साली काढली. मात्र कोश हाती आला म्हणजे काम संपले असे नव्हे. 'फेअर' हा एकच शब्द पाहा. तो कोठे गोरा, कोठे न्याय्य, तर कोठे जत्रा असा अर्थ देतो. शिवाय बसच्या भाड्यालाही उच्चार तोच, स्पेलिंग मात्र निराळे. यांतला अर्थ कोणता, हे शेजारचे शब्दच सांगतात. आपल्याकडेही 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड!

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी हा उच्च शिक्षणाचा दरवाजा बनला. मुस्लिम समाजातील फार थोडी मुले त्या दरवाजापर्यंत पोहोचत होती. अशा काळात बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांचे उदाहरण उठून दिसते. उर्दू-फारसीचे शिक्षण मदरशात, नंतर एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी, आणि १८६० साली विलायतेस प्रयाण. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १८८७ साली मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वतः शिकून ते थांबले नाहीत. १८७४ साली सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. १८८० साली तिची शाळा निघाली आणि १८९३ पासून बोरीबंदरासमोरच्या इमारतीत ती भरू लागली.

गिरणगावाचाही यात वाटा आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. परळ-लालबागच्या चाळींतून, दिवसभर गिरणीत राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्यांची परंपरा उभी राहिली. तेथे घरी इंग्रजी बोलणारे कोणी नव्हते. होती ती चिकाटी.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. मुलाची इंग्रजीशी ओळख लवकर होते ही चांगलीच गोष्ट. परंतु प्रौढ शब्दसंपदा केवळ वर्षे वाढवून येत नाही. त्यासाठी जुनीच रीत उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांनी वही दोन स्तंभांची करावी : एकीकडे इंग्रजी वाक्य, दुसरीकडे आपल्या भाषेतील अर्थ. शब्दाचे कुटुंब ओळखावे. 'बेनिफिट' समजला की 'बेनिफिशियल' आणि 'बेनिफॅक्टर' दूर राहत नाहीत. शब्दाची संगतही पाहावी. आपण अभ्यासही 'करतो' आणि चूकही 'करतो', पण इंग्रजीत गृहपाठाला 'डू' आणि चुकीला 'मेक' लागते. आणि नवा शब्द त्याच आठवड्यात स्वतःच्या पत्रात वा निबंधात वापरावा. वापरला तोच शब्द आपला.

पालकांना एवढेच सांगणे, की घरची भाषा मुलाच्या इंग्रजीच्या आड येते, ही भीती सोडावी. बद्रुद्दीन तय्यबजींची उर्दू-फारसी त्यांच्या बॅरिस्टरीच्या आड आली नाही. ज्या मुलाला एखादी कल्पना आपल्या भाषेत नीट उमगली, त्याला तिचे इंग्रजी नाव शिकण्यास वेळ लागत नाही. घरी इंग्रजी येत नसले तरी मुलाला रोज त्याचे नवे वाक्य वाचून दाखवायला सांगावे आणि अर्थ आपल्या भाषेत विचारावा. एवढे कोणत्याही घरात होऊ शकते.