साखरेचा पुडा, संक्रांतीचें पत्र आणि कातरी

निसर्ग या नांवाचें चक्रीवादळ ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. त्या दिवशीं नागांवांत किती पोफळी आणि किती माड उन्मळले याची मोजदाद सरकारी पंचनाम्यांत झाली. उडालेल्या कौलांचीहि झाली. परंतु कौलें उडाल्यावर माळ्यावरच्या ट्रंकांत पाणी शिरून जें भिजलें, त्याचा पंचनामा कोणी करीत नाहीं आणि करावा असें कोणास सुचतहि नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या आजोळीं अशीच एक पत्र्याची ट्रंक होती. जमिनीचे कागद वेगळ्या पेटींत होते, ते वांचले. ट्रंकेंत आजीचा संग्रह होता: संक्रांतीचीं छापील शुभेच्छापत्रें, लग्नांच्या कुंकुमपत्रिका, हलव्याच्या दागिन्यांचे पुठ्ठे, पतंगी कागदाचीं कातरलेलीं फुलें, आणि साखरपुड्याच्या पुड्याचें उलगडून ठेवलेलें एक वेष्टन. उन्हांत वाळवून चौदा-पंधरा जिनसा हाताला लागल्या. बाकीच्याचा लगदा झाला होता. कागद लगद्यापासूनच होतो, तेव्हां तो आपल्या मूळ रूपास गेला असें म्हणून आम्हीं मनाचें समाधान करून घेतलें. पण तें समाधान कांहीं खरें नव्हे.

नागांवच्या उत्तरेस लागून असलेल्या आक्षी गांवांत शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, शिलालेख आहे. मराठींतील सर्वांत जुना लेख तोच, असें मानणारे अभ्यासक आहेत. हजार वर्षें पाऊस खाऊन तो दगड उभा आहे, आणि त्याच पावसानें एका दुपारांत तीन पिढ्यांचे सण धुऊन नेले. इतिहास लिहिणारे दगडाकडे आणि दप्तराकडे जातात, हें योग्यच आहे. तथापि सणासुदीस एका घरानें दुसऱ्या घरास कागद कातरून, दुमडून, रंगवून जें पाठविलें, तोहि इतिहासच. दगडावरील लेख बहुधा राजाचे असतात. या कागदांवर बायकांचा हात असतो. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष थोडा वेळ वेधावें, असें मनांत आलें.

शुभेच्छापत्र ही वस्तु विलायतेहून आली, असा आपला सर्वसाधारण समज आहे. छापील पत्रापुरता तो खरा आहे. इ. स. १८४३ च्या नाताळांत हेन्री कोल नामक इंग्रज गृहस्थानें जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें व त्याच्या सुमारें हजार प्रती छापविल्या. एका प्रतीची किंमत एक शिलिंग होती. हे कोलसाहेब टपालाच्या सुधारणेंत गुंतलेले होते. इंग्लंडांत एका पेनींत कोठेंहि पत्र धाडण्याची सोय १८४० सालीं झाली, आणि त्या सोयीच्या पोटीं तीन वर्षांनीं हें शुभेच्छापत्र जन्मास आलें. (त्याच १८४० सालीं इकडे कुलाब्याचें आंग्ऱ्यांचें संस्थान खालसा झालें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं, परंतु नागांवच्या माणसाला ती तारीख आठवल्यावांचून राहत नाहीं.)

मात्र सणाच्या दिवशीं दूर असलेल्या माणसाला कागदानें भेटण्याची कल्पना आपल्याकडे कोलसाहेबांच्या आधींची आहे. पेशवाईंतील पत्रव्यवहार ज्यांनीं थोडाबहुत चाळला असेल, त्यांस संक्रांतीचीं पत्रें आढळलीं असतील. सरदार, कारभारी, आप्त हे एकमेकांस संक्रमणाचे शर्करायुक्त तीळ पाठवीत, आणि ते पोंचल्याचीं व उलट पाठविल्याचीं पत्रें लिहीत. मजकूर ठराविक सांच्याचा. त्यांत ना बातमी ना राजकारण. केवळ तीळ पाठविले आहेत ते स्वीकारावे आणि स्नेह वाढवावा, एवढ्यासाठीं जासूद मजला मारीत जात असे. ज्याच्याशीं कालपर्यंत लढाई होती त्यालाहि तीळ धाडतां येत, हा त्यांतील खरा गुण. शुभेच्छापत्राचें लक्षण याहून निराळें तें काय? उणीव होती ती स्वस्त टपालाची. ती १८५४ सालीं भरून निघाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें अलिबागेस जावो कीं कलकत्त्यास, असा दर ठरला. पुढें ता. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें. पाकिटांत तिळाचे दाणे घालावयाचे तर वजनाचा विचार करावा लागे. आजीच्या ट्रंकेंतील एका पत्राच्या घडींत चारच दाणे शिवलेले होते. कंजूषपणा म्हणून नव्हे, तोळ्याच्या हिशेबानें.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनीं संक्रांतीचीं रंगीत पत्रें काढावयास सुरुवात केली. गिरगांवांतील चाळींत राहून गिरण्यांत व कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांनीं तीं गांवीं धाडलीं. सणाला स्वतः येणें सोपें नव्हतें. मुंबईहून रेवसपर्यंत बोट, आणि पुढें मिळेल त्या वाहनानें वा पायीं. ता. १७ जुलै १९४७ रोजीं आषाढी अमावास्येच्या सुमारास रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत पुष्कळसे सणाला घरीं निघालेले होते. त्यानंतर कित्येक घरांतून ‘येऊं नकोस, पत्र टाक’ असें मुलांस सांगितलें जाऊं लागलें. आमच्या घरीं तरी तें सांगितलें जाई.

आतां पुड्याकडे वळूं. भेटवस्तूसाठीं सुबक कागदी पेटी करणें हा हल्लींचा छंद मानला जातो. परंतु आपल्या एका मुख्य संस्काराचें नांवच मुळीं कागदाच्या पुड्यावरून पडलेलें आहे, हें साखरपुडा हा शब्द रोज उच्चारणाऱ्यांच्याहि लक्षांत येत नाहीं. शंकूच्या आकाराचा, वर रंगीत व चकचकीत कागद लावलेला साखरेचा पुडा मुलीच्या हातीं दिला म्हणजे सोयरीक पक्की. दागिना नंतर आला, आंगठी त्याहून नंतर. पुडा, पुडी हे शब्द संस्कृत ‘पुट’ या शब्दाचे वंशज. पुट म्हणजे घडी, आणि घडी घालून केलेलें पात्र. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत नंदिनी दिलीपास आपलें दूध पानांच्या द्रोणांत काढून प्यावयास सांगते, तेथें कालिदासानें ‘पत्रपुट’ असा शब्द योजिला आहे. म्हणजे पानांचा द्रोण हाच कागदी पेटीचा पूर्वज होय. नागांवांत हें कोणास सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. गळलेली पोफळीची विरी ओली असतांना दुमडली, दोन टोकांस काड्या टोंचल्या, कीं पाणी न गळणारें पात्र तयार होतें. त्याला खळ नको, दोरा नको. पुठ्ठ्याची घडीची पेटी हीच युक्ति करते: जिभा खांचांत अडकवावयाच्या आणि वस्तूच्या भारानेंच त्या घट्ट बसवावयाच्या.

कागद मात्र फार काळ महाग होता. दौलताबादेजवळ कागदीपुऱ्यास आणि इकडे जुन्नरास कागदी लोक हातानें कागद करीत. तागाच्या चिंध्या कुटून लगदा, तो चाळणीसारख्या सांच्यावर उचलावयाचा, वाळवावयाचा, खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. असा कागद कातरून त्याचीं फुलें करावीं हा विचार सुखवस्तु माणसाच्याहि मनांत येणें कठीण. पेशवे दप्तरांतील कारकून कोऱ्या समासाचा तुकडादेखील वायां घालवीत नसत. गिरणीचा स्वस्त, पातळ, रंगीत कागद बाजारांत आला तेव्हां कुठें कातरी मोकळी सुटली. पताका, झिरमिळ्या, आकाशकंदील, गणपतीचें मखर, रुखवतांतील फुलबागा ही सारी त्या स्वस्त कागदाची संतति आहे. त्यापूर्वीं हेंच काम केळीच्या सोपांवर, झावळ्यांवर होत असे. कागदानें केळीचेच आकार उचलले. कळकाच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून आपण दिवाळीस कंदील करतों. त्याच कामट्यांवर गोव्यांतील आणि वसईंतील ख्रिस्ती घरें नाताळाचा तारा करतात. सण बदलतो, पण खळ त्याच पिठाची असते.

आता यंत्राची गोष्ट. ज्या १८७९ सालीं आपल्याकडे पैशाचें कार्ड निघालें, त्याच वर्षीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर याच्या छापखान्यांत एक चूक झाली. बियांच्या कागदी पिशव्या छापीत असतां घडीची रेघ उठविणारी धातूची पट्टी जागेवरून सरकून वर आली, आणि रेघ उठण्याऐवजीं पिशव्या कापल्या गेल्या. दुसऱ्या कोणीं कामगाराचा दंड कापून घेतला असता. गेअरच्या डोक्यांत आलें कीं कापणें आणि दुमडीची रेघ पाडणें हीं दोन कामें एकाच दाबांत होऊं शकतील. कापणारी पट्टी किंचित् उंच ठेवावयाची, रेघ पाडणारी किंचित् बुटकी. म्हणजे एक पुठ्ठ्याच्या आरपार जाते आणि दुसरी त्यास नुसती चेंपते. त्यांतून घडीची पुठ्ठ्याची पेटी निघाली, आणि मिठाईपासून औषधांपर्यंत सारें जग तींत जाऊन बसलें.

आपल्याकडील लग्नपत्रिकांचे व मिठाईच्या पेट्यांचे कारखाने आजहि याच तत्त्वावर चालतात. लांकडी फळींत करवतीनें खांचा पाडून पोलादी पट्ट्या वांकवून बसवितात. कापणाऱ्या पट्टीची उंची सुमारें २३.८ मिलिमीटर असते, रेघेची त्याहून कमी, आणि कापलेला कागद पात्यांत अडकूं नये म्हणून बाजूला रबराचे तुकडे चिकटवितात. एक गोष्ट मात्र यंत्रासहि ऐकावी लागते. कागदाच्या तंतूंस दिशा असते. तंतूंच्या बाजूनें दुमडला तर घडी सरळ येते, आडवा दुमडला तर तडा जातो. आजी हें कागदाची कड फाडून पाहून सांगे: सरळ फाटला तर एक दिशा, वेडावांकडा फाटला तर दुसरी.

मध्यंतरीं एक काळ असा आला कीं कातरी आणि कागद दोन्ही मागें पडले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत थर्माकोलानें मखराचा बाजार काबीज केला. पांढरें, हलकें, तापलेल्या तारेनें लोण्यासारखें कापलें जाणारें. आणि विसर्जनानंतर नागांवच्याच किनाऱ्यावर परत येणारें. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यावर बंदी घातली, आणि मखरवाले उच्च न्यायालयांत गेले तरी त्यांस दिलासा मिळाला नाहीं. ज्यांनीं माल भरून ठेवला होता त्यांचें नुकसान झालें, हें खरें आहे, आणि त्याविषयीं कोणीं फारशी हळहळ व्यक्त केली नाहीं हेंहि खरें. परंतु घडीचें पुठ्ठ्याचें मखर, म्हणजे एका अर्थानें गेअरचीच पेटी, त्यामुळें घरोघर गेलें.

आणि आतां यंत्र घरांत आलें आहे. क्रिकट नांवाचें छोटें कातरणयंत्र या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंतील यूटा राज्यांतल्या एका मंडळीनें काढलें. प्रथम त्यांत तयार आकृत्यांच्या डब्या घालाव्या लागत. पुढें तें संगणकाचा हुकूम ऐकूं लागलें. चिकट तक्त्यावर कागद पसरावयाचा, लेखणीएवढें फिरतें पातें त्यावर चालतें, आणि हातास जें काम दोन तास लागेल तें दोन मिनिटांत होतें. हातानें कातरलेल्या वस्तूंचा तो शेवट आहे असें म्हणणारे आहेत. आमचें मत तसें नाहीं. कातरी हीहि कधीं काळीं यंत्रच होती, आणि छापील पत्र आलें तेव्हां हस्ताक्षर संपलें अशी ओरड झालीच असेल. आमची खरी तक्रार निराळी आहे: या यंत्राबरोबर आकृत्याहि विकत मिळतात. हिमकण, हरणें, सूचिपर्णी झाडें. ज्या किनाऱ्यावर कधीं बर्फ पडलें नाहीं, तेथील दिवाळीच्या पेटीवर हिमकण कातरले जातात. आकृति नसली म्हणजे हात मिळेल ती आकृति घेतो, आणि ज्या ट्रंका भिजून गेल्या त्यांत आपल्या आकृति होत्या.

म्हणून वांचलेल्या चौदा-पंधरा जिनसांतील एक फूल आम्हीं भाचीच्या हवालीं केलें. ती पनवेलीस राहते, आणि तिच्याकडे असें यंत्र आहे. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठीं पन्नास पेट्या करावयाच्या होत्या. फूल आठ पाकळ्यांचें. आजीनें गुलाबी पतंगी कागदाच्या तीन घड्या घालून तें एकदांच कातरलेलें. एकदां कातरलें म्हणजे आठहि पाकळ्या सारख्या याव्या. पण खालचे पदर कातरींतून थोडेथोडे निसटतात, आणि म्हणून शेवटची पाकळी पहिलीपेक्षां चांगली एक दोरा रुंद झाली आहे. भाचीनें त्याचें छायाचित्र घेऊन संगणकांत रेघा उमटविल्या. पहिल्या दिवशीं पावसाची हवा होती. जाड कागद दमट होऊन फुगला आणि पातें त्यास कापण्याऐवजीं ओरबाडूं लागलें. कागद रात्रभर तांदळाच्या डब्यांत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशीं काम बरें झालें. पेटीचा पहिला नमुना तिनें मला दाखविला. झांकणावर आजीचें फूल होतें, धार इतकी स्वच्छ कीं आजीला तशी कधींच साधली नसती, आणि शेवटची पाकळी जशीच्या तशी रुंद.

“मामा, एक पाकळी घेऊन आठ वेळां फिरवली तर सगळ्या सारख्या होतील,” ती म्हणाली. “सारख्या करूं, कीं राहूं देऊं?”

मी राहूं दे म्हणालों. मग तिनें तिच्या आईला विचारलें, आणि आई म्हणाली, सारख्या कर, व्याह्यांकडे जायच्या आहेत. शेवटीं पंचवीस पेट्या तशा झाल्या आणि पंचवीस अशा. मूळ फूल तिनें दोन कांचांमध्यें बसवून घेतलें आहे. तें आतां नागांवच्या घरीं, माळ्यावर नव्हे, देवघराच्या भिंतीवर लावलेलें आहे.