अणूंचे चित्र की इलेक्ट्रॉनांचे?

१/ १९८२ चा शरद ऋतू. झुरिचजवळील रुश्लिकोन येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग, हाइनरिश रोरर आणि त्यांचे सहकारी सिलिकॉनच्या पृष्ठभागावरून धातूची एक सूक्ष्म सुई फिरवत होते. आलेखयंत्राने कागदावर उमटवलेल्या रेषा कापून व एकामागे एक रचून त्यांनी पृष्ठभागाची उठावदार प्रतिकृती तयार केली. प्रत्येक समभुज एककात १२ उंचवटे दिसले.

२/ ‘७×७’ नावाने ओळखली जाणारी ही रचना इलेक्ट्रॉन विवर्तनामुळे १९५९ पासून ज्ञात होती. मात्र तिच्यातील अणूंची मांडणी वादग्रस्त होती. १९८५ मध्ये जपानच्या कुनिओ ताकायानागी यांच्या गटाने सुचवलेल्या प्रारूपातही सर्वांत वरच्या थरात १२ अणूच होते. १९८६ मध्ये बिनिग व रोरर नोबेलचे मानकरी ठरले. उंचवटा म्हणजे अणू, असे समजणे आता स्वाभाविक वाटत होते.

३/ तो समज मात्र अपुरा होता. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई पृष्ठभागाला स्पर्श करत नाही. मधली पोकळी ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह ती टिपते. अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढले, तर प्रवाह सुमारे दहापट घटतो. प्रवाह स्थिर राखण्यासाठी सुई वरखाली होते आणि त्या हालचालीचा नकाशा म्हणजेच चित्र.

४/ मग हा नकाशा नेमका कशाचा? १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जेरी टर्सॉफ व डॉनल्ड हॅमन यांनी उत्तर दिले. व्होल्टेज अल्प असेल, तर प्रवाह सुईच्या जागी असलेल्या, पृष्ठभागाच्या ठरावीक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या प्रमाणात असतो. म्हणजे ही घनता गणिताने काढून तिचा समघनता पृष्ठ रेखाटला, की प्रयोगातील चित्राशी त्याची थेट तुलना करता येते.

५/ या तुलनेची गरज ग्राफाइटने पटवून दिली. त्याच्या थरात कार्बन अणूंचे षट्कोन असतात. चित्रात मात्र बहुधा एकाआड एक अणूच ठळक दिसतो. उरलेले अणू जागेवरच असतात. पण त्यांच्या थेट खाली दुसऱ्या थरातील अणू असल्याने आवश्यक ऊर्जेची इलेक्ट्रॉन घनता त्यांच्यावर क्षीण होते. हा उलगडा गणनेतूनच झाला.

६/ १९८७ मध्ये रँडल फीनस्ट्रा व सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडचा पृष्ठभाग तपासला. नमुन्यावर ऋण व्होल्टेज दिले असता आर्सेनिकचे अणू दिसले, धन व्होल्टेज देताच गॅलियमचे. पहिल्या वेळी इलेक्ट्रॉन भरलेल्या अवस्थांतून बाहेर पडतात, दुसऱ्या वेळी रिकाम्या अवस्थांत शिरतात. पृष्ठभाग एकच, चित्रे दोन, दोन्ही खरी.

७/ ‘७×७’ साठी अशी गणना दीर्घकाळ आवाक्याबाहेर होती, कारण तिच्या एका एककाकरिता शेकडो अणू हिशेबात घ्यावे लागतात. १९९२ मध्ये समांतर संगणकांच्या बळावर अमेरिका व ब्रिटनमधील दोन गटांनी ती स्वतंत्रपणे पूर्ण केली. ताकायानागींच्या प्रारूपाला त्यातून भक्कम आधार मिळाला.

८/ आजही पद्धत हीच आहे. संभाव्य रचना मांडायच्या, प्रत्येकीची इलेक्ट्रॉन घनता काढायची, चित्राशेजारी ठेवायची आणि न जुळणाऱ्या रचना बाद करायच्या. जुळणी हा मात्र अंतिम पुरावा नव्हे. दोन भिन्न रचना सारखेच चित्र देऊ शकतात आणि सुईचे टोक बदलले, तर एकाच रचनेचे चित्र पालटते. म्हणूनच निरनिराळ्या व्होल्टेजची चित्रे घेतली जातात, विवर्तनासारख्या अन्य प्रयोगांची साक्ष काढली जाते आणि मगच निष्कर्ष मांडला जातो.