पूर्वजांच्या वस्तूंच्या भेटीस

वस्तुसंग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातील वस्तू आणि तिच्याशेजारची छापील चिठ्ठी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ती चिठ्ठी कोणी लिहिली, ज्यांची ती वस्तू त्यांस विचारून लिहिली काय, हा विचार सहसा मनात येत नाही. १९९७ साली बर्लिन शहरी घडलेली एक हकीकत या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. म्हणून ती आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाशी, युपिक नावाचे लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. समुद्रातील सील आणि नदीतील मासे यांवर त्यांचा निर्वाह चाले. १८८२-८३ साली योहान आड्रियान याकोबसेन हा नॉर्वेचा दर्यावर्दी त्यांच्या मुलखातून फिरला. बर्लिनच्या शाही संग्रहालयाचे प्रमुख आडोल्फ बास्टियान यांनी त्यास धाडले होते. जगातील लहान जमातींची जुनी राहणी लवकरच लोपणार, तेव्हा त्यांच्या वस्तू आधीच जमवून ठेवाव्यात, असे बास्टियान यांचे मत होते. याकोबसेनने मुखवटे, भाले, धनुष्ये, लाकडी वाडगे, सीलच्या आतड्यांपासून शिवलेले पाणी न शिरणारे अंगरखे, असे पुष्कळ काही गोळा केले. वस्तू बर्लिनला पोहोचल्या; त्यांच्याविषयीची माहिती मात्र फारच थोडी पोहोचली.

येथे एका यहुदी विद्वानाचे स्मरण होते. मिंडेन गावच्या यहुदी घराण्यात १८५८ साली जन्मलेले फ्रान्झ बोआस हे १८८५-८६ च्या सुमारास याच संग्रहालयात सहायक होते आणि याकोबसेनने आणलेल्या अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर १८८७ साली त्यांनी असे मांडले की, सर्व जगातील भाले एका कपाटात आणि सर्व जगातील भांडी दुसऱ्या कपाटात ठेवून काही उमगत नाही. वस्तूचा अर्थ, ती वापरणाऱ्या लोकांच्या जीवनात ठेवून पाहावा लागतो. आज हे सहज पटते. त्या काळी त्यावर मोठा वाद झाला.

दुसऱ्या महायुद्धाने या संग्रहाची वाताहत केली. त्यातील बराच भाग रशियन सैन्याने लेनिनग्राडला नेला, तेथून तो लाइप्झिगला आला आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर बर्लिनला परतला. त्यानंतर काही वर्षांतच, १९९७ साली, सात युपिक स्त्रीपुरुष तीन आठवड्यांसाठी बर्लिनला गेले. त्यांत समाजातील वडीलधारी मंडळी होती. अ‍ॅन फिएनप-रिओर्डन या संशोधिका आणि युपिक भाषेच्या जाणकार मारी मीड त्यांच्यासोबत होत्या. नेहमी विद्वान वही घेऊन खेड्यात जातो. येथे खेड्यातील वृद्धच संग्रहालयात आले. संग्रहालयाने आपली भांडारे त्यांच्यासाठी उघडली. पाहुण्यांनी आपल्या वाडवडिलांच्या वस्तू हाती घेतल्या आणि त्यांविषयी ते आपल्या मातृभाषेत बोलले. ते बोलणे ध्वनिफितींवर नोंदविण्यात आले.

या मंडळींनी वस्तू परत मागितल्या नाहीत. वस्तूंमध्ये साठलेले ज्ञान आपल्या मुलांकडे परत जावे, ही त्यांची इच्छा होती. त्या बोलण्यातून २००५ साली दोन ग्रंथ निघाले. त्यांपैकी एक युपिक आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, म्हणजे तो गावातील शाळेतही वाचता यावा.

प्रत्येक समाजाची मागणी अशीच असेल असे मात्र नव्हे. दक्षिण अलास्कातील चुगॅच समाजाचे प्रतिनिधी २०१५ साली बर्लिनला गेले, तेव्हा याकोबसेनने आणलेल्या काही वस्तू त्यांच्या पूर्वजांच्या कबरींतून संमतीवाचून काढलेल्या असल्याचे उघड झाले. अशा नऊ वस्तू २०१८ साली चुगॅच समाजास परत करण्यात आल्या. माहिती वाटून घेता येते; मृतांच्या उशाशी ठेवलेली वस्तू ही वेगळी गोष्ट. हा भेद पाहुण्यांस दार उघडल्यामुळेच समजला.

आम्हा बेने इस्राएलांस या हकीकतीत आपले काही दिसते काय? आमच्या मते पुष्कळ दिसते. हाईम शमुएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीव येथे. चाळीस वर्षे हस्तलिखित थांबले, पण ते आपल्यातीलच एका माणसाचे असल्यामुळे त्यातील शब्द जाणत्याचा होता. आज जेरुसलेमच्या संग्रहालयातही भारतीय यहुद्यांच्या वस्तू आहेत. मलिद्याचे ताट तेथे मांडता येईल. परंतु पोहे गुळाखोबऱ्यात कसे कालवावे, एलियाहू हन्नाबीचे नाव घेताना घरात कोण कोठे बसे, हे ताट सांगणार नाही. ते आपल्या आजीला ठाऊक आहे, आणि अजून तिला विचारता येते.

युपिक वृद्धांना आपल्या वस्तूंसाठी अर्धे जग ओलांडावे लागले. आमच्या पुष्कळ घरांत ट्रंक पलंगाखालीच आहे. तीत कोकणातील घराची छायाचित्रे असतील, जुना कतुब्बा असेल, मराठी कीर्तनाची वही असेल. येत्या शब्बाथनंतर ती ट्रंक वडीलधाऱ्यांसमोर उघडावी, प्रत्येक छायाचित्रामागे नावे, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे आणि जे ते मराठीत सांगतील ते मराठीतच टिपून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. पुढे एखाद्या संग्रहालयाने ते मागितले, तर वस्तूबरोबर तिची माहितीही आपल्याच शब्दांत देता येईल.