पुंज प्रकाशिकीचे शिल्पकार : डॉ. ई. सी. जी. सुदर्शन

मस्तगड (जालना) : मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात 'लायगो इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा साकारणार आहे. तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगो वेधशाळांची संवेदनक्षमता वाढविण्यासाठी 'स्क्वीझ्ड' म्हणजे विशेष प्रक्रियेने घडविलेला प्रकाश वापरतात. अशा प्रकाशाचे वेगळेपण ओळखण्याची गणिती कसोटी १९६३ मध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाने दिली. ते म्हणजे डॉ. एन्नाक्कल चंडी जॉर्ज सुदर्शन.

मुंबईतील उमेदवारी

सुदर्शन यांचा जन्म १६ सप्टेंबर १९३१ रोजी केरळमधील कोट्टयमजवळच्या पल्लम येथे झाला. १९५२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. डॉ. होमी भाभा यांची ही संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. पॉल डिरॅक यांनी तेथे दिलेल्या व्याख्यानांची टिपणे सुदर्शन यांनी के. के. गुप्ता यांच्यासह तयार केली. १९५५ नंतर ते अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात गेले.

प्रकाशाची कसोटी

कोणताही प्रकाश हा लेसरसारख्या 'सुसंगत' अवस्थांचे मिश्रण म्हणून मांडता येतो, हे सुदर्शन यांनी दाखविले. मिश्रणातील प्रमाण नेहमीच्या संभाव्यतेसारखे असेल, तर तो प्रकाश जुन्या लहरसिद्धांतानेही उलगडतो. मात्र पावसाची शक्यता कधी उणे दहा टक्के नसते. गणितात असे उणे प्रमाण आले, की तो प्रकाश निखळ पुंजस्वरूपाचा समजावा. 'क्वांटम ऑप्टिक्स' अर्थात पुंज प्रकाशिकीचा हा पाया ठरला.

१९७६ मध्ये गोरिनी व कोसाकोव्स्की यांच्यासह त्यांनी मांडलेले समीकरण क्वांटम तंत्रज्ञानात आजही वापरात आहे. क्वांटम संगणकातील नाजूक अवस्था भोवतालच्या संपर्काने कशी ढासळते, याचा हिशेब त्यातून मिळतो. त्याच वर्षी लिंडब्लाड यांनीही स्वतंत्रपणे हेच सूत्र मांडले.

हुकलेले नोबेल

प्रकाशाच्या सुसंगततेच्या पुंजसिद्धांतासाठी २००५ चे अर्धे नोबेल रॉय ग्लॉबर यांना मिळाले. ग्लॉबर यांचा या विषयावरील पहिला निबंध फेब्रुवारी १९६३ चा, तर सुदर्शन यांचा एप्रिलचा. परंतु पुढे ग्लॉबर यांच्या नावाशी जोडले गेलेले सूत्र आपल्या निबंधात आधीच होते, असे सांगत सुदर्शन यांनी नोबेल समितीकडे लेखी आक्षेप नोंदविला. निर्णय बदलला नाही. शास्त्रीय ग्रंथांत मात्र ते सूत्र 'ग्लॉबर-सुदर्शन' याच जोडनावाने शिकविले जाते.

भारत सरकारने त्यांना १९७६ मध्ये पद्मभूषण व २००७ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संवेदन व मापनविषयक केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. सुदर्शन यांनी ज्या शहरात संशोधनाचे पहिले धडे गिरविले, तेथेच त्यांच्या विद्येचा हा नवा अध्याय लिहिला जात आहे.