थेट प्रक्षेपण आणि कोल्हापूरचा बंधारा

राधानगरीचे धरण आपल्या परिचयाचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हाती घेतले. पुरे व्हायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. धरणातून सोडलेले पाणी भोगावती-पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांत अडते. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे घालतात आणि जवळचा शेतकरी तिथूनच उपसा करतो. हाच तो ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’. इंटरनेटवरून क्रिकेटचा सामना कोट्यवधी लोकांना एकाच वेळी दिसतो, तो अशाच युक्तीने. फरक एवढाच, की पाणी उपसले की संपते; माहितीची एक प्रत हजारो जणांना पुरते.

१९९५ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतील एमआयटीमधल्या सहकाऱ्यांपुढे गर्दीचा प्रश्न मांडला. गणिती टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी तो मनावर घेतला. प्रती ठिकठिकाणच्या यंत्रांवर ठेवाव्यात, हे सुचणे अवघड नव्हते. (अशा साठ्याला कॅश म्हणतात, रोख पैशाशी त्याचा संबंध नाही.) खरी अडचण होती ती कोणती वस्तू कोणत्या यंत्रावर ठेवायची, ही.

हे वर्गात करून पाहा. १ ते ११० क्रमांकांच्या वस्तू आणि १० यंत्रे घ्या. क्रमांकाला १० ने भागून उरेल त्या बाकीच्या यंत्रावर वस्तू ठेवा. आता अकरावे यंत्र आणा आणि ११ ने भागा. फक्त १० वस्तू जागेवर राहतात, १०० हलतात! म्हणजे मदतीला यंत्र आणले आणि जमवलेला साठा विस्कटला. लेटन, लेविन आणि सहकाऱ्यांनी १९९७ च्या निबंधात यावर तोड दिली. यंत्रे आणि वस्तू एका वर्तुळावर मांडायच्या. प्रत्येक वस्तू पुढच्या पहिल्या यंत्राकडे जाते. नवे यंत्र आले तर सरासरीने १० च वस्तू हलतात. १९९८ मध्ये यातून अकामाई ही कंपनी निघाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या विमानात लेविन मारले गेले. वय ३१.

पण चालू सामना साठवायचा कसा? त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात. एकदा तयार झालेला तुकडा बदलत नाही, म्हणून तो बिनधास्त साठवता येतो. बदलते ती तुकड्यांची यादी. ती दर काही सेकंदांनी नव्याने आणावी लागते. नवा तुकडा हजारांनी एकदम मागितला, तर बंधाऱ्यावरचे यंत्र एकच मागणी वर पाठवते आणि बाकीच्यांना थांबवते. या सगळ्यात वेळ जातो, म्हणून ‘थेट’ सामना थोडा शिळाच असतो. शेजारच्या टीव्हीवर षटकाराचा आरडाओरडा आधी ऐकू येतो, तो यामुळे.

जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना मुंबईच्या हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. प्रत्येकाला सेकंदाला १० लाख बिट धरले, तरी २५ लाख कोटींहून अधिक बिट होतात. एका केंद्रातून एवढे वाहणे अशक्यच. पुढे धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक भराभर बाहेर पडले. वाटेल की यंत्रणेने सुटकेचा निःश्वास टाकला असेल! उलट ताण वाढण्याचीच ती वेळ. सामन्यातून मागे आलेला माणूस मुखपृष्ठावर येतो, आणि ते ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे वेगळे बनवलेले असते. ती मागणी बंधाऱ्यावर भागत नाही; ती थेट धरणापर्यंत जाते.