बेवारशांचं घराणं

कुत्र्याचं कुळ विचारलं की लोक वंशावळीचा कागद काढतात. लॅब्रेडोर की गोल्डन रिट्रीव्हर, आईबाप कुठले, पिल्लू केवढ्याला घेतलं. माणसाचं दुखणं हलकं करणाऱ्या कुत्र्याचं कूळ मात्र त्या कागदावर सापडत नाही. त्यासाठी तारापूर एमआयडीसीच्या फाटकाशी, शिफ्ट सुटताना कामगारांच्या डब्यात उरलेल्या चपातीची वाट बघणारं कुत्रं डोळ्यांसमोर आणावं. नाहीतर सातपाटीच्या बंदरात मासळीच्या मुंडक्यांवर वाढलेलं. दुखणं हलकं करण्याच्या या विद्येतली काही महत्त्वाची पानं अशाच बिनमालकाच्या कुत्र्यांनी लिहिली आहेत.

आपल्याकडे अशा कुत्र्याचा सरकारी इतिहास मात्र मारण्याचा आहे. जून १८३२ मध्ये मुंबईच्या कोटात मोठा दंगा झाला, तो भटक्या कुत्र्यांवरून. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लागलं होतं. त्या लोभाने शिपाई घरची कुत्रीसुद्धा ओढून नेतात म्हणून पारशी मंडळी उसळली. त्यांच्या धर्मात कुत्र्याचा मान मोठा. मृताला कुत्र्याच्या नजरेखालून नेण्याचा विधीच आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांतल्या जुन्या पारशी-इराणी घरांना हे सांगावं लागत नाही. सरकारची भीतीही खोटी नव्हती म्हणा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा लस नव्हती. पाश्चरने ती पहिल्यांदा माणसाला टोचली १८८५ साली. भटक्या कुत्र्याला मारण्याऐवजी नसबंदी करून, लस टोचून जागच्या जागी सोडायचं, हा देशभराचा नियम यायला २००१ साल उजाडलं.

दरम्यान इतरत्र एक वेगळीच गोष्ट घडत होती. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेले जर्मन सैनिक हजारोंनी घरी परतले, आणि १९१६ मध्ये ओल्डनबर्ग इथे त्यांच्यासाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. ही घराण्यातली खानदानी शाखा. तिथे जर्मन शेफर्ड लागत, निवड कडक असे, पुढे तर खास पैदास सुरू झाली. एका माणसाला एक कुत्रं आणि ठरलेलं काम, हा सेवा-कुत्र्याचा साचा तिथे घडला. अनेकांना भेटून त्यांचं मन हलकं करणाऱ्या कुत्र्याची वाट निराळी आहे. ‘थेरपी डॉग’ आणि ‘सर्व्हिस डॉग’ हे शब्द वर्तमानपत्रं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून एवढं सांगितलं.

या दुसऱ्या वाटेवरची लाडकी नायिका म्हणजे स्मोकी. दोन किलोसुद्धा न भरणारी ही यॉर्कशायर टेरियर १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका ओसाड खंदकात सापडली. कुणाची, कुठून आली, काही पत्ता लागला नाही. बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. पुढे विनला डेंग्यू झाला आणि मित्रांनी स्मोकीला त्याच्या भेटीला इस्पितळात आणलं. नर्सांनी पाहिलं, की शेजारच्या खाटांवरचे जखमी सैनिकही तिला बघून खुलतात. मग त्या तिला आपल्याबरोबर वॉर्डातून फिरवू लागल्या. कुणी योजना केली नव्हती, या कामाचं प्रशिक्षण तर दूरच.

डॉक्टरी जगाने हे मान्य करायला वेळ घेतला. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधीच आला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मुलगा डॉक्टरांशी नाही, कुत्र्याशी बोलू लागला. लेव्हिन्सन यांनी १९६१ मध्ये हा अनुभव सहकाऱ्यांपुढे मांडला, तर काहींनी थट्टेने विचारलं, फीमधला किती वाटा कुत्र्याला देता? खुद्द फ्रॉइडची चाऊ जातीची कुत्री त्याच्या खोलीत रुग्णांसमोर पसरलेली असे, हे त्या थट्टेखोरांच्या ध्यानात नसावं.

मला मात्र या सगळ्यात पॉलीन क्विन सर्वांत महत्त्वाची वाटते. किशोरवयात घरातून पळालेली, रस्त्यावर राहिलेली, संस्थांमधून कोंडलेली ही मुलगी. जोनी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीमुळे ती सावरली. कुत्री बरोबर असली की लोक आपल्याला वचकून असतात, मान देतात, हे तिला पहिल्यांदा कळलं. पुढे ती डॉमिनिकन पंथाची जोगीण झाली. १९८१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या गिग हार्बरच्या स्त्रियांच्या तुरुंगात, पशुवैद्यकाचे प्राध्यापक लिओ बुस्टाड यांच्या मदतीने तिने एक धाडस केलं: निवाऱ्यातली टाकलेली कुत्री कैदी बायकांच्या हाती द्यायची, त्यांनी ती शिकवायची आणि तयार झालेली कुत्री अपंगांना सोपवायची. नको असलेली कुत्री, नको असलेल्या बायका. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना ते पटणं अवघडच होतं, पण प्रयोग टिकला आणि अमेरिकेतल्या कितीतरी तुरुंगांनी उचलला. कुत्रं शिकवायला रोज ठरल्या वेळी उठावं लागतं, आवाज चढवून चालत नाही, आणि आज जमलं नाही तर उद्या पुन्हा तेच करावं लागतं. शिकवणारीला आधी स्वतःलाच वळण लावून घ्यावं लागतं, आणि अर्धी फलश्रुती त्यातच आहे.

मराठी मुलुखाला कुत्रं परकं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर एक धावतं. तरी शिकवलेलं कुत्रं म्हटलं की आपल्याला पोलिसांचंच आठवतं, १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर आरडीएक्स हुंगून काढणारा जंजीर. आजाऱ्याशेजारी बसणारं कुत्रं इथे उशिरा आलं. हाँगकाँगमध्ये जिल रॉबिन्सन यांनी १९९१ मध्ये ‘डॉ. डॉग’ सुरू केलं, आणि पुढे चेन्नईच्या ब्लू क्रॉसने ते भारतात आणलं. मुंबईत मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन उभं केलं. त्यांची कुत्री विशेष मुलांच्या शाळांत जाऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्याच साथीने मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर घाबरलेल्या प्रवाशांसाठी कुत्री आली. छायाचित्रांत दिसली ती बहुतेक झुपकेदार केसांची, परदेशी जातीची. खंदकातल्या स्मोकीच्या वारसाला तिथे बोलावणं गेलेलं दिसलं नाही.

गावठी कुत्र्यावर माझा या परदेशी जातींपेक्षा जास्त विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवलं, की पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जग त्याच्या ओळखीचं होतं, आणि तेव्हा जे भेटलं नाही ते पुढे भीतीचं ठरतं. सातपाटीचं पिल्लू त्या आठवड्यांत बर्फाचे ट्रक, मासळीच्या पाट्या, कोळणींचा गलका, पोरांचे हात, सगळं पाहून घेतं. बोईसर स्टेशनवरच्या पिल्लाला डहाणू लोकलचा भोंगा पाळण्यातल्या गाण्यासारखा. चवथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बंद वाढलेल्या महागड्या पिल्लाला व्हीलचेअरही राक्षस वाटू शकते. अर्थात त्याच बंदरातल्या ज्या पिल्लाने दगडच खाल्ले, ते हात उगारला की दात दाखवणार. म्हणून निवड डोळसच हवी. कान-पंजे चाचपून बघायचे, मागे ताट आपटायचं, खाताना भांडं काढून घ्यायचं. दचकलं तर चालतं, पण दचकून किती लवकर सावरतं, हे बघायचं. दहातली बहुतेक यात गळतात. त्यांना चांगलं घर मिळालं तरी पुष्कळ.

जे उरतं त्याला रेबीजची लस, नसबंदी, जंतांचं औषध, आणि मग कित्येक महिन्यांची शिकवणी: बस, थांब, सोड, आणि सर्वांत कठीण म्हणजे काहीही न करता पडून राहणं. कामाच्या दिवशी भेट आखूडच ठेवायची. त्याला नेणाऱ्याने रुग्णाइतकंच कुत्र्याकडे बघायचं. ते ओठ चाटू लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं, मान फिरवून दाराकडे पाहू लागलं की त्याला पुरे झालेलं असतं. समोरचं मूल कितीही रमलेलं असो, तेव्हा उठायचं.